लसीकरण कार्ड हातात आल्यावर : तान्ह्या बाळापासून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत

गरोदरपणाची नोंदणी झाली की सरकारी आरोग्य केंद्रातून माता व बाल संरक्षण कार्ड मिळते, आणि खाजगी रुग्णालयात बाळ जन्मल्यावर लसीकरणाची पुस्तिका हाती येते. दोन्हींत रकाने साधारण तेच असतात : लसीचे नाव, ती कधी द्यायची, कधी दिली आणि पुढच्या वेळी कधी यायचे. नव्या आईबाबांना त्यातली निम्मी नावे अनोळखी असतात. बीसीजी, पेंटा, एफआयपीव्ही, पीसीव्ही, एमआर ही सगळी अक्षरे सिस्टरच्या हवाली करावीत आणि आपण फक्त बाळाला घट्ट धरावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही घरातल्या किमान एका माणसाला हे कार्ड नीट वाचता आले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. लस टोचण्याचे काम सिस्टर करते, पण तारीख घरालाच पाळावी लागते. आणि माझ्या पाहण्यात मुलांचे डोस राहून जातात ते लसीच्या भीतीने कमी आणि तारीख निसटल्याने जास्त.

लस शरीरात काय करते

बाहेरून आलेल्या जंतूला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात. जंतू पहिल्यांदाच आलेला असेल, तर हे काम उभे राहायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि घटसर्पासारखा किंवा डांग्या खोकल्यासारखा आजार तान्ह्या मुलाला तेवढी सवड देईलच असे नाही. लस ही सवड आधीच मिळवून देते. काही लसींमध्ये जिवंत पण अगदी दुबळा केलेला जंतू असतो, उदाहरणार्थ क्षयावरची बीसीजी, गोवर-रुबेला, जुलाबावरची रोटा आणि पोलिओचे थेंब. इंजेक्शनच्या पोलिओ लसीत तो मारलेला असतो. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसींत जंतूच्या विषाचे निर्धोक केलेले रूप असते, तर कावीळ ब किंवा न्यूमोनियाच्या जिवाणूवरच्या न्यूमोकोकल लसीत जंतूचा केवळ एखादा अंश असतो. यांतल्या कशावरही शरीर एकदा तयारी करून बसले की त्या तयारीची आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे उरतात.

ही आठवण बहुतेक लसींच्या बाबतीत एका डोसाने पक्की होत नाही. म्हणून मारलेल्या जंतूच्या किंवा त्याच्या अंशाच्या लसी किमान चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्याव्या लागतात आणि पुढे बूस्टर, म्हणजे ही आठवण ताजी करणारा डोस, घ्यावा लागतो. गोवराच्या लसीचे कारण वेगळे आहे. आईच्या रक्तातून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडे लसीतील दुबळ्या विषाणूलाही निष्प्रभ करतात. त्यामुळे ती लस नऊ महिने पूर्ण होण्यापूर्वी नेहमीच्या वेळापत्रकात दिली जात नाही. नवव्या महिन्यात दिली तरी साधारण ८५ टक्के मुलांतच ती पुरेसे संरक्षण निर्माण करते. दुसरा डोस मुख्यतः उरलेल्या मुलांसाठी असतो, आणि आपले मूल कोणत्या गटातले हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तो सर्वांनाच द्यावा लागतो.

पहिले चोवीस तास

जन्मानंतर तीन लसी द्यायच्या असतात : डाव्या दंडावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब. यांपैकी कावीळ ब ची लस पहिल्या चोवीस तासांत मिळणे अत्यंत महत्त्वाचे आहे. आईच्या शरीरात हा विषाणू असेल, तर प्रसूतीच्या वेळी तो बाळाकडे जाऊ शकतो, आणि नवजात अवस्थेत संसर्ग झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडून बसतो. पुढे तरुणपणी किंवा मध्यमवयात यकृत निकामी होणे आणि यकृताचा कर्करोग यांच्या मुळाशी अनेकदा हाच बालपणीचा संसर्ग असतो. आईची तपासणी निगेटिव्ह आली असली तरी हा डोस चुकवू नये. प्रसूती सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री झाली, तर ‘कावीळची लस दिली का, किती वाजता दिली’ हे बाबांनी किंवा आजीने स्वतः विचारून कार्डावर लिहून घ्यावे.

पोलिओचा शून्य डोस पहिल्या पंधरा दिवसांपर्यंत देता येतो. बीसीजी जन्मताच किंवा त्यानंतर लवकरात लवकर द्यावी, आणि राहिलीच तर बाळ एक वर्षाचे होईपर्यंत देता येते. ही लस प्रामुख्याने लहान मुलांना होणाऱ्या गंभीर क्षयरोगापासून, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते; मोठेपणी होणारा फुप्फुसाचा क्षय ती खात्रीने रोखत नाही, हेही माहीत असावे.

बीसीजी नेमकी कातडीच्या थरात दिली जाते, म्हणून टोचल्याबरोबर तिथे एक पांढुरकी फुगी येते आणि थोड्या वेळात ती बसते. दोन ते चार आठवड्यांनी त्याच जागी लालसर गाठ येते, तिला तोंड फुटते, थोडे पाणी येते आणि काही आठवड्यांत खपली धरून कायमचा व्रण उरतो. घरातली मंडळी या टप्प्यावर घाबरतात आणि हळद, तेल किंवा मलम लावायला जातात. काहीही लावू नये, दाबू नये, शेकू नये. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवावी. व्रण उमटला नाही तरी लस वाया गेली असे समजून ती पुन्हा घेण्याची गरज नाही.

दीड, अडीच आणि साडेतीन महिने

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या या तीन भेटी हा संपूर्ण वेळापत्रकाचा कणा आहे. तिन्ही वेळा पोलिओचे थेंब, रोटाची लस आणि पेंटाव्हॅलंटचे इंजेक्शन असते. पेंटा डाव्या मांडीत देतात आणि त्या एकाच इंजेक्शनात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच आजारांविरुद्धची लस असते. हिब हा मुलांमध्ये मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवणारा जिवाणू आहे. दीड आणि साडेतीन महिन्यांना यांच्या जोडीला उजव्या मांडीत न्यूमोकोकलची, म्हणजे पीसीव्हीची, आणि उजव्या दंडावर पोलिओची, म्हणजे एफआयपीव्हीची, लस टोचतात. म्हणजे या दोन भेटींत तीन टोचण्या आणि मधल्या भेटीत एकच, हे आधी माहीत असले की आईची मनाची तयारी होते.

‘एवढ्या लसी एकदम कशाला, दोन खेपांत द्या,’ अशी विनंती अनेक घरांतून होते. एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी दिलेल्या लसी एकमेकींच्या कामात अडथळा आणत नाहीत. विभागून दिल्याने बाळाचे रडणे दोनदा होते आणि मधल्या काळात ते असुरक्षित राहते.

कार्डावरील पोलिओच्या डोसांविषयी आणखी एक गोंधळ नेहमी होतो. पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेले थेंब जादाचे असतात. ते कार्डातल्या डोसांच्या ऐवजी धरायचे नसतात. भारतातला रानटी विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अद्याप नष्ट झालेला नाही, म्हणून थेंब पाजणे सुरू ठेवावे लागते.

नऊ महिने, दीड वर्ष, पाच वर्षे

साडेतीन महिन्यांनंतर नऊ महिन्यांपर्यंत मोठा खंड पडतो आणि तिथेच कार्ड कपाटाच्या तळाशी जाते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा, म्हणजे एमआरचा, पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, दंडावरच्या पोलिओ लसीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस मिळतो. विदर्भातील काही जिल्ह्यांसह ज्या भागांत जपानी मेंदूज्वराचा धोका आहे, तिथे त्याची लसही दिली जाते. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर. जीवनसत्त्व अ पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस.

गोवराविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ‘आमच्या वेळी सगळ्यांनाच यायचा आणि निघून जायचा’ हे वाक्य आजही घरोघरी ऐकू येते. तो काहींना निघून जायचा. काही मुले न्यूमोनियाने, जुलाबाने, मेंदूच्या सुजेने जायची, आणि त्यांची गणती कोणी ठेवत नसे. हा हवेतून पसरणाऱ्या सर्वाधिक संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे, आणि तो होऊन गेल्यावर इतर आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली आठवणही काही प्रमाणात पुसली जाते, त्यामुळे मूल पुढचे कित्येक महिने वारंवार आजारी पडते. समाजातल्या साधारण ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले, तरच तो पसरू शकत नाही. कोविडच्या काळात अनेक मुलांचे नियमित डोस मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरातून गोवराचा उद्रेक सुरू होऊन मुले दगावली. रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही, पण गरोदर स्त्रीला पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचे दोष येऊ शकतात. आज आपल्या मुलाला दिलेला डोस शेजारच्या घरातल्या गरोदर वहिनींचेही रक्षण करत असतो.

लसीकरणाच्या दिवशी

उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत लसीकरणाचा वार ठरलेला असतो आणि आशाताई तो आधी कळवतात. निघताना कार्ड, मांडी आणि दंड सहज उघडे करता येतील असे सैल कपडे आणि बाळ मोठे असेल तर त्याचे आवडते खेळणे बरोबर घ्यावे. बाळाला उपाशी नेऊ नये. अंगावर पाजणे लसीच्या आधी, नंतर, अगदी थेंब पाजल्यावरही चालते, आणि टोचताना बाळ अंगावर असेल तर ते लवकर शांत होते.

सत्राच्या टेबलावर निळ्या रंगाचा एक चौकोनी डबा दिसेल. लस त्यातच येते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने त्या बिघडतात हे सर्वांना ठाऊक असते, पण पेंटा, डीपीटी, टीडी, कावीळ ब यांसारख्या लसी गोठल्या तरी निकामी होतात, हे फारसे ठाऊक नसते. म्हणून डब्यात भरायचे बर्फाचे पॅक आधी बाहेर काढून ठेवतात आणि हलवल्यावर आत पाणी खळखळू लागले की मगच ते डब्यात लावतात. प्रत्येक कुपीवर जांभळट रंगाचे एक छोटे वर्तुळ आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन असतो. कुपीला जितकी उष्णता लागत जाते तितका तो चौकोन गडद होत जातो. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस उष्णतेने बिघडलेली नाही. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला, तर ती कुपी टाकून द्यायची असते. ‘सिस्टर, कुपीवरचा चौकोन जरा दाखवता का?’ असे विचारण्यात काहीही गैर नाही, आणि चांगली सिस्टर ते आनंदाने दाखवते.

बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लसी भुकटीच्या स्वरूपात येतात व त्यांच्यासाठीच दिलेल्या द्रावकात कालवल्यावर चार तासांच्या आत वापराव्या लागतात; म्हणून कुपीवर फोडल्याची वेळ लिहिलेली असते. ती वेळ जरूर पाहावी. सिरिंज आपल्या समोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. सरकारी कार्यक्रमातली सिरिंज एकदा दाबली की अडकते आणि पुन्हा ओढता येत नाही.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे, कारण तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया फार दुर्मीळ असली तरी ती सहसा पहिल्या काही मिनिटांतच येते आणि तिच्यावरचे औषध तिथे उपलब्ध असते. त्या अर्ध्या तासात सिस्टरकडून चार गोष्टी समजून घ्याव्यात : आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारासाठी, पुढची तारीख कोणती, घरी काय त्रास होऊ शकतो व त्यावर काय करायचे, आणि कार्डावर नोंद झाली का. यू-विन या सरकारी पोर्टलवर मोबाइल क्रमांकाशी जोडलेली नोंदही तेव्हाच करून घ्यावी. कागद भिजतो, हरवतो. तारीख प्रत्येक भेटीनंतर फोनवर छायाचित्र काढूनही जपता येते.

घरी आल्यावर

पेंटा किंवा डीपीटीनंतर त्याच दिवशी संध्याकाळपासून बाळाला ताप येऊ शकतो, मांडी किंचित सुजते, बाळ चिडचिड करते. हा त्रास बहुधा दोन दिवसांत ओसरतो. ताप आला तर पॅरासिटामॉल द्यावे, पण त्याचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून सिस्टरने किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलेच घ्यावे. मोठ्या मुलाच्या बाटलीतले अंदाजाने देऊ नये. टोचलेल्या जागी स्वच्छ ओले फडके ठेवावे, चोळू नये, गरम शेक देऊ नये. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर ताप किंवा पुरळ आले, तर ते आठवड्याभराने, पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येते, आणि तोवर लस टोचल्याचे घर विसरून गेलेले असते.

बाळ तीन तासांहून अधिक वेळ एकसारखे किंचाळून रडले, झटका आला, अंग लुळे पडले, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, चेहरा किंवा ओठ सुजले, किंवा टोचलेल्या जागी पू झाला, तर थेट दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अशा प्रत्येक घटनेची नोंद आणि चौकशी करण्याची जिल्हा पातळीवर व्यवस्था आहे, म्हणून ती आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवलीच पाहिजे, जरी त्रास लसीमुळे झाला की योगायोगाने, हे आपल्याला ठरवता आले नाही तरी.

लस कधी पुढे ढकलावी, याविषयी घरातल्या समजुती फार सैल आहेत. साधी सर्दी, खोकला, किरकोळ ताप, जुलाब, दात येणे, कमी वजन, अँटिबायोटिक चालू असणे, यांपैकी कशानेही लस थांबत नाही. अशक्त बाळाला तर तिची अधिक गरज असते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या तारखाही जन्मदिवसापासूनच मोजतात. लस टाळण्याची खरी कारणे मोजकी आहेत : त्याच लसीच्या आधीच्या डोसाला आलेली तीव्र ॲलर्जी, जिवंत लसींच्या बाबतीत प्रतिकारशक्ती गंभीररीत्या खालावलेली असणे, रोटाच्या बाबतीत पूर्वी आतड्यात आतडे शिरलेले असणे, आणि डांग्या खोकल्याच्या लसीनंतर सात दिवसांत मेंदूचा गंभीर आजार झालेला असणे. मूल खूप आजारी असेल, तर बरे होताच लस घ्यावी.

लसींमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते, अशी भीती काही पालकांना वाटते. ती १९९८ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकातील शोधनिबंधातून पसरली. तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि पुढे अनेक देशांतल्या लाखो मुलांच्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही.

डोस चुकला तर

आपल्याकडे डोस चुकण्याचे एक अगदी घरगुती कारण आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते, जन्माचे डोस तिथल्या रुग्णालयात मिळतात, दीड महिन्याचा डोसही तिथेच होतो, आणि मग बारसे झाल्यावर बाळ सासरी येते. सासरच्या आशाताईंच्या यादीत त्याचे नाव नसते, माहेरच्या यादीत ते ‘गावाला गेले’ असे असते, आणि अडीच महिन्यांचा डोस दोन गावांच्या मध्ये हरवतो. ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी किंवा बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांत हेच दरवर्षी घडते. यावर उपाय साधा आहे : सरकारी केंद्रात लस विनामूल्य असते आणि ती मिळण्यासाठी रहिवासाचा दाखला लागत नाही. कार्ड बरोबर ठेवावे, नव्या गावात पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात आशाताईंना गाठून बाळाचे नाव लिहून घ्यावे. कार्ड हरवले असले तरी लस नाकारली जाऊ नये.

उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबले तिथून पुढे, चार आठवड्यांचे अंतर ठेवून, उरलेले डोस पूर्ण करता येतात. फक्त वयाच्या काही मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पेंटा आणि रोटाचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसापूर्वी मिळाला पाहिजे. पेंटा सुरूच झाली नसेल, तर वर्षानंतर डीपीटी देतात आणि ती सात वर्षांपर्यंत देता येते. गोवर-रुबेला आणि पोलिओचे राहिलेले डोस पाच वर्षांपर्यंत मिळतात. सिस्टर रागावेल म्हणून न जाणे ही सर्वांत महाग पडणारी भीड आहे.

सरकारी की खाजगी

वर सांगितलेल्या लसी दोन्हीकडे तितक्याच विश्वासार्ह असतात. खाजगी बालरोगतज्ज्ञ त्यांखेरीज कांजिण्या, कावीळ अ, विषमज्वर, फ्लू आणि गालगुंडांसह असलेली एमएमआर सुचवतात. ऐपत असल्यास त्या जरूर घ्याव्यात, पण त्यांच्या खर्चाच्या धास्तीने मूळ डोस लांबवू नयेत. ‘दुखणारी’ आणि ‘न दुखणारी’ डीपीटी असा पर्यायही तिथे विचारला जातो. न दुखणाऱ्या प्रकारात ताप व सूज कमी येते हे खरे, पण डांग्या खोकल्यापासून मिळणारे तिचे संरक्षण लवकर ओसरते. एका रात्रीच्या तापापायी मी स्वतः तो पर्याय निवडणार नाही.

मुलींसाठी ९ ते १४ या वयात एचपीव्ही या विषाणूवरची लस घेणे अगत्याचे आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच या विषाणूमुळे होतो आणि संसर्ग होण्यापूर्वी दिलेली लस सर्वाधिक उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. आपल्या केंद्रात ती मिळते का, याची चौकशी करावी.

मोठ्या माणसांच्या लसी

गरोदर स्त्रीला टीडीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने दिले जातात. आधीच्या गरोदरपणातले दोन्ही डोस तीन वर्षांच्या आतले असतील, तर एक बूस्टर पुरतो. याच सवयीने आणि सुरक्षित बाळंतपणांनी बाळंतिणींचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतात २०१५ पर्यंत आटोक्यात आला. लग्न ठरलेल्या किंवा बाळाचा विचार करणाऱ्या मुलीने रुबेलाची लस झाली आहे का ते पाहावे, कारण ती गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते.

खरचटले की टीटीचे, म्हणजे धनुर्वाताचे, इंजेक्शन, ही सवय मात्र सोडावी. लहानपणचे डोस पूर्ण असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसाला दहा वर्षे आणि मातीने, शेणाने माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षे उलटली असतील तरच तो लागतो. यासाठी शेवटच्या डोसाची तारीख लिहिलेली असावी लागते, आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत ती क्वचितच लिहिलेली असते. डोसाची नोंद नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

साठी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, दमा, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. विषाणू बदलत असतो म्हणून लसही दरवर्षी बदलते. आपल्याकडे पावसाळ्यात साथ वाढते, त्यामुळे ती मे महिन्याच्या अखेरीपर्यंत घेतलेली बरी. स्वाइन फ्लूने २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला होता. न्यूमोनियाची आणि पन्नाशीनंतर नागिणीची लस यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. डायलिसिसवरील रुग्ण, रुग्णालयात काम करणारे आणि घरात कावीळ ब चा रुग्ण असलेले, यांनी त्या लसीचे तीन डोस पूर्ण करावेत.

कुत्रा चावला तर वेळ घालवायचा नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद, तेल काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. कातडीतली लस, पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून, शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दंडावर देतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ केव्हाच मागे पडला आहे. रक्त आले असेल, तर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषधही, भरावे लागते, आणि ते मागून घ्यावे. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, वृद्ध, सर्वांना हे उपचार देता येतात. तिसऱ्या इंजेक्शननंतर ‘आता बरे वाटते’ म्हणून चौथे सोडू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

परदेशी जाणाऱ्यांनी दोन-तीन महिने आधी तयारी करावी. अमेरिकेसारख्या देशांत शाळेत प्रवेश घेताना मुलाच्या प्रत्येक डोसाची तारीख मागतात, आणि आपल्या सरकारी वेळापत्रकात नसलेल्या गालगुंड व कांजिण्यांच्या लसींबद्दल विचारणा होते. म्हणून कार्डाची डॉक्टरांनी शिक्का मारलेली इंग्रजी प्रत बरोबर असावी. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांनी ती लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण तिचे प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. ते आता आयुष्यभर चालते. ते जवळ नसेल, तर तिकडून परतणाऱ्या प्रवाशाला भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, म्हणून प्रमाणपत्राचे हे पिवळे पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात ठेवावे.